गेनबानं शोधलेली गळती

मुरमेवाडी नावाच्या एका गावात गेनबा नावाचा एक भोळा शेतकरी होता. गावात बाकी सगळे शहाणे होते. म्हणून तर गावात पाणी नव्हतं.

गेनबा माणूस वाईट नव्हता. आळशी नव्हता, व्यसनी नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची खोड एकच. कुणी काही सांगितलं की तो ते ऐकायचा. मुरमेवाडीत सांगणारे घरटी दोन होते, ऐकणारा मात्र हा एकटाच. बरं, ऐकून सोडून द्यावं की नाही? तर नाही. ऐकलेलं तो ध्यानात ठेवायचा आणि तसंच करायचा. म्हणून गाव त्याला खुळा म्हणायचं.

गेनबाची बायको हौसाबाई. तिनं माळाच्या पायथ्याला लिंबाची चाळीस रोपं लावली होती. तीन उन्हाळे डोक्यावर घागरी वाहून तिनं ती कमरेएवढी केली होती. हा चौथा उन्हाळा. हा निभावला तर झाडं फळाला येणार होती, नाही तर तीन उन्हाळ्यांच्या घागरी मातीत. सगळी भिस्त एका विहिरीवर. विहिरीला सोळा पायऱ्या. चैत्रात पाणी अकराव्या पायरीला होतं. हौसाबाईनं बोटं मोजून हिशेब केला. दहा दिवसाला एक पायरी गेली तर मिरगापर्यंत पाणी पुरतं. पण पायरी जात होती चार दिवसाला. हौसाबाईला घास गोड लागेना. तिनं नवऱ्याला बजावलं की ही झाडं मिरगापर्यंत जगली पाहिजेत, बाकी मला काही नको. गेनबा म्हणाला, बरं.

गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते शिवराम आप्पा. पाण्यावर आप्पांइतकं सुरेख कुणी बोलत नसे. त्यांच्या तीन बोअर होत्या आणि आठ एकर ऊस होता. त्या चैत्रात त्यांनी चावडीपुढं सभा घेतली. पाणी थेंबाथेंबानं पाजावं, जीव थेंबावर जगतो, मोकळं पाणी सोडणारा गावाचा वैरी, असं ते म्हणाले. त्यांच्या उसाला हे कळत नसे, त्यामुळं उसाला ते पाटानं मोकळंच सोडत. पण सभेला ऊस आलेला नव्हता. गेनबा आला होता.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई बाजाराला गेली. जाताना सांगून गेली की बैलांना पाणी पाजा. गेनबानं दोन मडकी घेतली, बुडाला भोकं पाडली, भोकांत कापसाच्या वाती घातल्या आणि महादेवाच्या पिंडीवर असतं तसं एकेक मडकं एकेका बैलाच्या डोक्यावर टांगलं. टप, टप, टप. बैलांनी पहिल्यांदा कान हलवले. मग जिभा बाहेर काढल्या. दुपारपर्यंत वाट बघून त्यांनी दावी तोडली, मडकी फोडली आणि आप्पांच्या उसातल्या पाटावर जाऊन पोट भरून प्याले. तिथं त्यांना थेंबाचं सांगायला कुणी नव्हतं.

हौसाबाईनं डोक्याला हात लावला.

"आवो, मुकं जनावर हाय ते," ती म्हणाली. "तहानल्याल्याच्या म्होरं भरल्याली बादली ठिवायची. आन त्यानं मान वर करस्तवर जागचं हलायचं न्हाई."

"बरं," गेनबा म्हणाला. आणि त्यानं ते ध्यानात ठेवलं.

चार दिवसांनी लिंबांना पाणी द्यायची पाळी आली. हौसाबाई शेजारणीकडं कुरडया घालू लागायला गेली होती. गेनबा लिंबांकडं गेला. झाडांच्या माना उन्हानं खाली पडल्या होत्या. तहानलेली दिसत होती, यात शंका नव्हती. त्याच्या घरात भांडी होती सहा आणि झाडं चाळीस. गावात सगळे जेवून आडवे झाले होते. गेनबानं ओट्यांवरच्या बादल्या उचलल्या, देवळातली परात उचलली, लग्नघरची पातेली उचलली. आप्पांच्या दारात तांब्याचा हंडा चकचकीत घासून ठेवला होता, तोही उचलला. विहिरीचं पाणी शेंदून चाळीस भांडी काठोकाठ भरली, एकेका झाडापुढं एकेक ठेवलं आणि समोर उकिडवा बसला.

झाडं काही मान वर करेनात. उलट ऊन आणखी तापल्यावर जी थोडी वर होती तीही त्यांनी खाली घातली. गेनबा हलला नाही. त्यानं प्रेमानं चुचकारून पाहिलं. निम्मं पाणी उन्हानं खाल्लं. उरलेलं धनगराच्या शेळ्या येऊन प्याल्या, आणि पिऊन झाल्यावर त्यांनी मात्र माना वर केल्या. तेव्हा गेनबा उठला. विहिरीची एक आख्खी पायरी गेली होती.

संध्याकाळी आप्पा हंडा शोधत आले. त्यांनी गेनबाला दोन गोष्टी सुनावल्या. पहिली हंड्याची. दुसऱ्याच्या वस्तूला त्यानं स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. दुसरी पाण्याची, कारण पाण्यावर बोलल्याशिवाय आप्पांना निघता येत नसे. ओल उघडी ठेवली की ऊन ती पिऊन टाकतं. म्हणून जे जे ओलं दिसेल ते ते उसाच्या पाचटानं झाकायचं. चांगलं हातभर जाड.

"बरं," गेनबा म्हणाला. दोन्ही गोष्टी त्यानं ध्यानात ठेवल्या.

आता हौसाबाईच्या घरच्या कुरडयांची पाळी होती. लेकीच्या सासरी पाठवायच्या म्हणून तिनं तीन दिवस गहू भिजत घातले, वाटले, चीक काढला. पहाटे उठून तो शिजवला. अंगणात खाटेवर धोतर अंथरून त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या ओळी घातल्या आणि ती वैरणीला गेली. गेनबा अंगणात आला. बघतो तर काय, सगळी खाट ओली, आणि वर ऊन नुसतं पीत बसलेलं. बायकोच्या तीन दिवसांच्या मेहनतीची ओल डोळ्यांदेखत चालली होती. तो धावत गेला, आप्पांच्या बांधावरून त्यांच्या तोंडानं हो म्हणवून पाचटाचे चार भारे आणले आणि कुरडया हातभर जाड झाकल्या. हौसाबाईला त्यानं सांगितलं की वाळवणाची राखण मी करतो, तू काळजी करू नको. तिला बरं वाटलं. दोन दिवस ती अंधारात लिंबांत जायची आणि अंधार पडल्यावरच परतायची.

तिसऱ्या दिवशी वास आला. पाचट काढलं तर खालच्या कुरडयांना हिरवी, काळी आणि थोडी गुलाबी बुरशी. हौसाबाईनं खाट उलटी केली. जीव एवढा उबगला होता की तिला ओरडायचंही त्राण राहिलं नव्हतं.

"दबून ठिवलं की नासतंय," ती म्हणाली. "ओल दिसली की उकरायची, उलथीपालथी करायची आन ऊन दावायचं. कळलं का?"

गेनबाला कळलं. त्याला नेहमी कळायचं, तीच तर अडचण होती.

पुढचं सांगायला जिवावर येतं, पण सांगितलं पाहिजे. मधल्या काळात हौसाबाईनं लिंबांच्या बुडाशी स्वतः पाचट घातलं होतं, आणि तिथं ते योग्यच होतं. गेनबानं एका झाडाखालचं पाचट सहज उचलून पाहिलं. खाली ओल. दबलेली. तो घाबरला. आता हीही नासणार. त्यानं कुदळ आणली, झाड मुळापासून उकरलं, उलटं करून उन्हात ठेवलं. मग दुसरं. तिसऱ्याला हात घालणार तेवढ्यात बांधावरून हौसाबाई आली आणि वैरणीचा भारा टाकून तिनं कुदळ हिसकावून घेतली.

ती रडली. तीन उन्हाळ्यांत ती एकदाही रडली नव्हती, पण त्या दोन झाडांची मुळं वर झालेली बघून रडली. गेनबाला फार वाईट वाटलं. त्यानं झाडं परत लावली, पाणी घातलं, हात जोडले. ती काही जगली नाहीत. आता राहिली अडतीस, आणि पाणी होतं तेराव्या पायरीला. एकदा तरी हौसाबाईनं म्हणावं की बरोबर केलंत, एवढीच त्याची इच्छा होती. पण म्हणण्याजोगं त्याच्या हातून काही घडत नव्हतं. म्हणून त्यानं विचारलं की पुढच्या वेळी काय करू.

"पुढच्या येळंला काय बी करू नका," हौसाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुत्रं घरात शिरलं, दुरडीतल्या सहा भाकरी खाल्ल्या, कालवणाचं भांडं चाटलं आणि हौसाबाईच्या गोधडीवर झोपलं. गेनबा समोर बसून बघत होता. त्यानं काय बी केलं नाही.

तेव्हा हौसाबाईनं ओळखलं की नवरा रिकामा ठेवण्यात जास्त नुकसान आहे. तिनं भावाकडून ठिबकच्या जुन्या नळ्या मागून आणल्या. बांधावरच्या टाकीत विहिरीचं पाणी भरून तिला त्या जोडल्या. सगळ्या झाडांना पुरल्या. पण नळ्या उंदरांनी चार ठिकाणी कुरतडल्या होत्या, तिथून पिचकाऱ्या उडत होत्या. तिनं गेनबाला सांगितलं की नळी फिरून बघा, जिथं जिथं पाणी गळतंय तिथं तिथं बूच मारा, एकही जागा सोडू नका. आणि ती शेण काढायला गेली.

गेनबानं बाभळीच्या काट्या तासल्या. उंदरांनी पाडलेली चार भोकं बुजवली. मग पुढं गेला, तर काय सांगावं, नळीला प्रत्येक झाडाजवळ एकेक बारीक भोक. टप, टप, टप. किती ही गळती. बिचारा उन्हातान्हात अडतीस झाडांजवळ बसला आणि अडतीस बुचं ठोकली. एकही जागा सोडली नाही. मग नळी टाकीजवळ फुगली, फाटली, आणि होतं नव्हतं ते पाणी माळावर गेलं.

पाणी चौदाव्या पायरीला आलं.

या वेळी हौसाबाई रागावलीही नाही. ती त्याच्या शेजारी बांधावर बसली. लहान पोराला समजावून सांगावं तसं तिनं सांगितलं. झाडाला जातं ती गळती नव्हे, त्यासाठीच तर नळी आहे.

"आपल्या झाडाला न जाता आपलं पानी दुसरीकडं जातंय, ती गळती," ती म्हणाली. "ती हुडकायची. तितंच बूच मारायचं."

"बरं," गेनबा म्हणाला.

आणि तो गळती हुडकायला विहिरीत जाऊन बसला.

मुरमेवाडीत असं काही पूर्वी कुणी केलं नव्हतं. विहिरी आटतात, ही देवाची करणी, असं गावात ठरलेलं होतं. गेनबाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो तेराव्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला आणि चौदाव्या पायरीशी कोळशानं रेघ ओढली. सकाळभर पाणी रेघेवर होतं. एक वाजता गावात लाईट आली. माळावरून आप्पांच्या मोटारींची घरघर ऐकू आली, मग दुसऱ्यांच्या. पाणी रेघेखाली सरकायला लागलं. चार वाजता लाईट गेली. घरघर थांबली. पाणीही थांबलं, आणि जरा वेळानं केसभर वर आलं.

गेनबा तीन दिवस बसला. तिन्ही दिवस तसंच. चौथ्या दिवशी तो घरघरीच्या दिशेनं माळ चढून गेला. आप्पांच्या उसात गुडघाभर पाणी तुंबलं होतं आणि जास्तीचं बांध फोडून रस्त्यावर वाहत होतं. रस्त्यावर एकही लिंबाचं झाड नव्हतं. गेनबानं गावभर फिरून बोअर मोजल्या. आप्पांच्या तीन आणि आणखी आठ जणांच्या एकेक, मिळून अकरा. सगळ्या उसावर. पिण्याच्या पाण्याची विहीर वेगळी होती आणि तिला टँकर यायचा.

गळती सापडली होती. बूच मारायचं तेवढं राहिलं होतं. पण वस्तू दुसऱ्याची. मालकानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेनबा आप्पांच्या वाड्यावर गेला. आप्पा आरशासमोर भाषणाची तालीम करत होते, कारण त्या दिवशी पाणी बचतीबद्दल त्यांचा सत्कार होता आणि जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते. जे काय असेल ते मंडपात बोल, असं आप्पांनी त्याला सांगितलं.

गेनबा मंडपात गेला. सगळं गाव आलं होतं. पाणी वाचवा असं लिहिलेला फलक होता आणि धूळ उडू नये म्हणून टँकरभर पाणी मारलं होतं. गेनबा कर्ण्याखाली उभा राहून विचारायची संधी बघत होता. आप्पा उठले, बोलले, रंगात आले. साहेबांकडं वळले. आवाज जरा कापरा केला.

"साहेब, पाण्याचा थेंब वाचावा म्हणून आम्ही आमच्या बोअर बंद करायला तयार आहोत. आज. आत्ता. नुसतं माझं नाही, इथल्या प्रत्येक बोअरवाल्याचं हेच म्हणणं आहे. काय मंडळी? हो की नाही?"

"हो," मंडप म्हणाला.

गेनबानं बोटं मोजली. आठच्या आठ जण हो म्हणाले होते आणि नववे खुद्द आप्पा. विचारायचं काही उरलंच नव्हतं. तो पोतं आणि पाना घेऊन बाहेर पडला. टाळ्या अजून चालू होत्या.

लाईट यायला वेळ होता. सत्कार संपायला त्याहून जास्त वेळ होता, कारण बावीस जणांचे नारळ द्यायचे होते. गेनबानं सावकाश काम केलं. प्रत्येक बोअरचा व्हॉल्व्ह गच्च बंद केला, वरचं लोखंडी चाक खोलून पोत्यात टाकलं, व्हॉल्व्हचा दांडा तारेनं करकचून बांधला. एकही जागा सोडली नाही. आणि साहेब समारोपाला उभे राहिले तेवढ्यात तो घामाघूम होऊन मंडपात परत आला, व्यासपीठावर चढला आणि आप्पांच्या पायाशी पोतं रिकामं केलं. अकरा चाकं खणखणत घरंगळली. एक साहेबांच्या बुटाला जाऊन टेकलं.

"आप्पा, तुमी म्हनला तशा समद्या बोअर बंद क्येल्या," गेनबा म्हणाला. "अकरा. येक बी सोडली न्हाई."

आप्पांचा चेहरा हिरव्या कुरडईसारखा झाला. हौसाबाई बायकांत मागं बसली होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

पण साहेब उभ्याचे उभेच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरीच्या तीस वर्षांत आपण हजार भाषणं ऐकली, पण भाषण संपायच्या आत ते अमलात आणणारं गाव आजच पाहिलं, असं ते म्हणाले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्यावर गावालाही वाजवाव्या लागल्या. नऊ बोअरवाल्यांनी तर सगळ्यात जोरात वाजवल्या, कारण फोटो काढणारा त्यांच्याकडंच वळला होता. मग साहेबांनी ती अकरा चाकं जिल्ह्याच्या प्रदर्शनात ठेवायला गाडीत घातली. जाताना आप्पांचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं की मृग लागेपर्यंत दर आठवड्याला मी स्वतः तुमच्या बंद बोअर बघायला येईन.

आणि मेला माणूस खरंच यायचा.

आठ दिवसांत पाणी तेराव्या पायरीला आलं. वीस दिवसांत अकराव्या. आप्पांचा ऊस पिवळा पडला. गावात सगळीकडं बोललं जाऊ लागलं की आजवर गेनबानं खुळेपणा पुष्कळ केला, पण एवढा मोठा खुळेपणा पाहिला नव्हता. बैलांचं एक वेळ समजू शकतो. कुरडयांचंही समजू शकतो. पण भाषण खरं धरायचं म्हणजे काय.

मिरगाच्या आदल्या दिवशी हौसाबाई विहिरीच्या अकराव्या पायरीवर घागर टेकवून उभी होती. वर अडतीस लिंबं माना वर करून उभी होती. काहींना फुलं आली होती. गेनबा दोर धरून थांबला होता.

"बरोबर केलंत," ती म्हणाली.

गेनबाला पहिल्यांदा ऐकायलाच आलं नाही. मग आलं. त्यानं दोराचा आणखी एक वेढा हाताला घातला. मग त्यानं नेहमीचं विचारलं, की पुढच्या वेळी काय करू.

"पुढच्या येळंला बी आप्पांचं भाषान नीट ऐका," हौसाबाई म्हणाली.

"बरं," गेनबा म्हणाला, आणि त्यानं ते ध्यानात ठेवलं.

तेव्हापासून आप्पा कुठंही बोलायला उभे राहिले की आधी गेनबा कुठं बसलाय ते बघतात. तो दिसला की पाण्यावर बोलत नाहीत. हवेवर बोलतात, चारित्र्यावर बोलतात. गेल्या पाडव्याला गेनबा पुढच्याच रांगेत बसला होता. आप्पांनी खूप विचार केला आणि नुसतं म्हणाले, "माझी जमीन, माझं घर, माझं सगळं काही या गावाचंच आहे."

गेनबा दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी घेऊन आप्पांचं सामान हलवायला गेला.